हुरड्याचं तिकीट

आमच्याकडे हुरड्याचं आमंत्रण कुणी देत नसे. पौषात ज्वारीची कणसं भरली, दाणा अजून हिरवा आणि दुधाळ असला, की रानात हातभर खड्डा काढायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, आणि त्या आगटीचा धूर वर गेला की ज्याला तो दिसेल त्यानं यायचं. कुणी तोंडानं बोलवायला आलंच तर माणसं उलट विचारात पडायची, की ह्याचं आपल्याकडे काय काम निघालं असेल. आलेल्याला बस म्हणायचं, भाजलेली कणसं पोत्यावर चोळून गरम दाणे पुढ्यात ओतायचे, शेंगांची चटणी आणि गूळ द्यायचा. तो कुणाचा कोण हे खाऊन झाल्यावर विचारायचं. ह्यात काही थोरवी होती असं मी म्हणत नाही. ज्वारी घरची, गोवऱ्या घरच्या, आणि एक माणूस खाऊन खाऊन खाणार किती?

आता त्याच रानात माझा मुलगा शिवराज माणशी साडेसातशे रुपये घेतो. लहान मुलांचे चारशे.

मी कुंडलिक. माढ्याच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. रान टेंभुर्णीजवळ, पुणे-सोलापूर रस्त्याला अगदी लागून. शिवराज पुण्यातली नोकरी सोडून परत आला तेव्हा मला वाटलं, पोराला मातीची ओढ लागली. त्याला ओढ होती रस्त्याची. हुरड्यासाठी पुण्याहून माणसं दीडशे किलोमीटर गाडी हाकत येतील, हे त्याला तिकडे बसून कळलं आणि मला इथं बसून कळलं नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या रानाची एक पट्टी गेली होती, तिचे पैसे त्यानं घातले, वर कर्ज काढलं, 'रानमाया' अशी पाटी लावली. झोके बांधले. यंदा चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. फाटकाशी तिकिटाची खिडकी केली. श्रीपूरकडच्या एका ऊसतोड टोळीची बैलगाडी रविवारपुरती भाड्यानं येते आणि पुण्याची मुलं तीत बसून रानाला फेरी मारतात. बैलांनाही त्या दिवशी उसापेक्षा हलकं जात असावं.

आणि एक मी. जन्मभर पॅंट-शर्ट घातला, लग्नात सफारी शिवला होता. आता दर रविवारी मला धोतर नेसवून, डोक्याला गुलाबी फेटा बांधून बाजेवर बसवतात. शेतकरी आजोबा! लोक शेजारी बसून फोटो काढतात. एका बाईनं विचारलं, आजोबा, तुम्ही शाळेत गेला होतात का हो? मी म्हटलं, गेलो होतो, पण बाहेर पडायला तेहतीस वर्षं लागली. तिला काही उमगलं नाही. वर शिवराजनं पाटीवर माझाच फोन नंबर टाकलाय, 'बुकिंगसाठी गुरुजींना फोन करा' म्हणून. सुट्टीच्या दिवशी सत्तर-ऐंशी फोन येतात. मी एकही उचलत नाही, संध्याकाळी शिवराज त्यातल्या अनोळखी नंबरांना निरोप पाठवतो.

तरी खोटं कशाला बोलू? आलेला पैसा मला काही चावला नाही. नऊ बायांना दोन-अडीच महिने रोज मजुरी मिळते, ती आमच्या उसानं कधी दिली नव्हती. घरावर मजला चढला. मी कुरकुरत होतो, पण खुर्चीला उशी लावून कुरकुरत होतो.

आमच्या बांधाला लागून बाळूचं रान. बाळू आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. माझे नऊ एकर, त्याचे नऊ एकर. आमच्या दोघांच्या वडिलांनी मिळून अठरा एकराचा एकच तुकडा घेतला होता आणि चिठ्ठ्या टाकून अर्धा अर्धा केला. एकाला रस्त्याकडचा, एकाला आतला. आमच्या वाट्याला रस्त्याकडचा आला म्हणून माझे वडील आठ दिवस धड जेवले नाहीत, कारण येणारी-जाणारी जनावरं उभं पीक खायची. बाळूचे वडील त्यांची समजूत घालायला यायचे म्हणे. आज रस्त्याकडची जमीन फुटावर विकली जाते आणि आतली अजून एकरावर. माती तीच, पाऊस तोच. कष्टाचं म्हणाल तर बाळू माझ्या चौपट. मी शाळेतून येऊन बांधावर उभा राहायचो, तो खाली वाकलेला असायचा. तरी आज माझ्या दारात तीन गाड्या आणि त्याच्या दारात एक सायकल. जन्मभर पोरांना नकाशे शिकवले, पण एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक कसा पडतो हे मला फळ्यावर मांडता आलं नसतं.

माझी बायको वैजयंती सोलापूरच्या दवाखान्यात वीस दिवस होती, तेव्हा हा माणूस रोज एसटीनं भाकरीचा डबा घेऊन यायचा आणि दुपारी परत जाऊन जनावरांना पाणी दाखवायचा. एकविसाव्या दिवशी ती गेली. त्यानंतरचे सहा महिने मी माणसात राहिलो तो बाळूमुळे. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मला बाजेवरून सुट्टी मिळाली. सोलापुरात निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता. तिकडे चार भाषणं ऐकली, पुरी-भाजी खाल्ली, दिवेलागणीला घरी आलो. शिवराज दिवसभराची वही घेऊन बसला होता. हजेरी वाचायची खोड काही जात नाही, म्हणून मी आलेल्यांची नावं वाचू लागलो. पुणे, पुणे, पिंपरी, इंदापूर, पुणे. मधेच एक ओळ होती. बाळू निवृत्ती, टेंभुर्णी. मोठे तीन, लहान दोन. रोख तीन हजार पन्नास.

मला आधी वाटलं, दुसरा कुणी बाळू असेल. मग वाटलं, दुसऱ्या बाळूच्या बापाचं नाव निवृत्ती कशाला असेल?

आगटीवर कणसं भाजायला आमच्याकडे बजाबाई असते. ती अजून भांडी आवरत होती. तिला विचारलं तर तिनं मान खाली घातली. म्हणाली, बाळूभाऊ आलं व्हतं. लीलाताई व्हती, सोलापूरची लेक सुकन्या व्हती, तिची दोन लेकरं व्हती. पुण्याच्या माणसांत अगदी कडंला सतरंजीवर बसली. हातात ती कागदाची पट्टी बांधल्याली. मास्तर कुटं हायत म्हणून इचारलं, मी सोलापूरला गेलंत म्हनलं. लेकरांनी खाल्लं, भाऊंनी चार दानं तोंडात टाकलं आन उठलं.

मी शिवराजवर असा ओरडलो की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. त्याचा चेहरा पडला. तो त्या वेळी स्वयंपाकाकडे होता, खिडकीवर कुर्डुवाडीची एक नवी मुलगी बसवलेली, तिला गावातलं कोण कुठलं काय माहीत. "मला एक शब्द कळला असता तर काकांना फ्री सोडलं असतं ना, आप्पा," तो म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण 'फ्री' ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. ज्या आगटीशी तो माणूस पन्नास वर्षं बसला, तिथं त्याला फ्री सोडणारे आपण कोण?

आणि रागावता रागावताच एक गोष्ट लक्षात आली, ती फार वाईट होती. यंदा मी बाळूला बोलावलंच नव्हतं. बोलवायची रीतच नव्हती, धूर दिसत होता ना. पण आमचा धूर आता रोज दिसायचा, आणि तो पुण्याच्या लोकांसाठी असायचा. मी धरून चाललो की तो येईल. तो वाट बघत राहिला असेल की मास्तर आता तरी एक शब्द सांगेल. मधे तार आली, फाटक आलं, खिडकी आली, आणि आम्ही दोघं गप्प राहिलो. त्याला मी ह्याआधी कधी आलास, कधी गेलास असं विचारलं नव्हतं, त्यामुळे आता कसं विचारायचं हेच मला माहीत नव्हतं.

सकाळी उठून मी एक मूर्खपणा केला. तीन हजार पन्नास रुपये पांढऱ्या पाकिटात घातले आणि बाळूच्या घरी गेलो. तो लेकीला एसटीपर्यंत पोचवायला गेलेला. लीलावहिनी ओट्यावर तूर पाखडत होती. मी पाकीट पुढं केलं, म्हटलं चूक झाली, खिडकीवरच्या पोरीला माहीत नव्हतं. वहिनीनं सूप खाली ठेवलं नाही की पाकिटाकडे बघितलं नाही.

"तिकिटाचं पैसं माघारी मिळत न्हाईत, भावजी," ती म्हणाली. "तुमच्याच पाटीवर लिवलंय की."

ते खरंच लिहिलं होतं. ती पाटी मीच शिवराजला शुद्ध करून दिली होती. मी पाकीट खिशात घालून उन्हातून परत आलो. वाटेत कळलं की मी मित्राची समजूत काढायला गेलो नव्हतो, उधारी मिटवायला गेलो होतो. पैसे देऊन मोकळं व्हायची घाई मलाच झाली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस सांगण्यासारखे नाहीत. बाळूला शेतात जायची जवळची वाट आमच्या बांधावरून. जन्मभर तो तिथूनच गेला. आता मी रोज सकाळी बघायचो, तर तो बांध सोडून, लांबून, डांबरी रस्त्यानं वळसा घालून जाताना दिसायचा. एक किलोमीटरचा वळसा. एकदा मी हात केला, त्यानं बघितलं आणि तसाच पुढे गेला. मला भाकरी गोड लागेना. ह्या वयात नवा मित्र मिळत नाही, आणि जुना तुटला तर आपल्याला लहानपण होतं हे सांगायला साक्षीदारही उरत नाही. फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि ठेवला. काय बोलणार होतो? त्याच्या जागी मी असतो तर माझ्यासारख्याचा फोन घेतला नसता.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली. रानमायात पाय ठेवायला जागा नव्हती. मी बाजेवर, धोतर नेसून, फेटा बांधून. अंगावर जरीचं उपरणं. एक कुटुंब शेजारी बसलं होतं, बाप समोरून फोटो घेत होता, आणि 'आजोबा, जरा हसा' म्हणत होता. त्याच्या डोक्यावरून मला पलीकडे, बांधापल्याड, बाळूच्या रानात धूर दिसला. बारीक, सरळ, निळसर. गोवऱ्यांचाच.

मी उठलो. फोटोवाला म्हणाला, आजोबा, एक मिनिट. मी म्हटलं, बाबा रे, पंधरा दिवस झालेत. तो बाजूला झाला.

बांधापर्यंत गेलो आणि तारेशी अडलो. धूर सगळ्यांसाठी असतो हे खरं, पण स्वतःच्या धुरावर तिकीट लावणाऱ्यासाठीही असतो का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं सगळ्यांसमोर 'का आलास' म्हटलं असतं तर मी काय करणार होतो? मागे वळून बघितलं, तर शिवराज लांबून मला शोधत होता. मग मी तारेखाली शिरलो. धोतराचा सोगा काट्यात अडकला, ओढला तर टर्रकन फाटला. फेटा एका डोळ्यावर आला. अशा थाटात मी बाळूच्या रानात उतरलो.

आगटीशी बाळू, लीलावहिनी, सुकन्या आणि तिची दोन मुलं होती. बाळूनं मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "कोन हाय?"

पंचावन्न वर्षांच्या ओळखीनंतर माणूस कोण म्हणून विचारतो, म्हणजे बोलायचं काही उरलंच नाही. पाय परत फिरायच्या बेतात होते. तेवढ्यात त्याची नात चेतना, चौथीतली, खुसखुसली आणि म्हणाली, आजोबा, मास्तरआजोबा आहेत, फेटा घातलाय.

"मास्तर?" बाळू म्हणाला. "आन फेटा?" त्यानं शेजारचं पोतं हातानं झटकलं. "बस."

मी बसलो. त्यानं राखेतली दोन कणसं काढली, पोत्यावर धरून तळहातानं चोळली, फुंकर घालून फोलपटं उडवली आणि दाणे माझ्यापुढे ओतले. वहिनीनं चटणी ठेवली. रीत त्यांनी सोडली नव्हती. मी दाणे तोंडात टाकले.

"बाळू, तू माझ्या रानात तिकीट काढलंस," मी म्हणालो. "मला फोन तरी करायचास."

"केला व्हता की," तो म्हणाला. "फाटकाम्होरं उबा ऱ्हाऊन तीनदा केला."

मी खिशातून फोन काढला. न उचललेल्या फोनांची रांग संपता संपेना, सगळे पुण्याचे नंबर. चेतनानं फोन माझ्याकडून घेतला आणि बोटानं भराभर मागे नेला. दुसऱ्या रविवारपाशी थांबली. ते बघा, म्हणाली. अकरा चाळीस, अकरा त्रेचाळीस, अकरा पन्नास. तिन्ही ठिकाणी 'बाळू'. वर-खाली साठ-सत्तर अनोळखी नंबर.

मेळाव्यात भाषणं चालू होती, फोन मुका करून खिशात टाकला होता. पाटीवरचा नंबर माझाच आहे, सुट्टीच्या दिवशी किती फोन येतात, मी कधीच ते बघत नाही, सगळं त्याला सांगितलं. भरभर सांगितलं, पोरं चुकल्यावर सांगतात तसं. बाळू ऐकत राहिला. मग त्यानं मोठा श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले.

"मला वाटलं, मास्तरला आता आपला फोन जड झाला," तो म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. सुकन्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते, दिवसाला अमुक नग असं. चेतनाच्या वर्गाची सहल यंदा नेमकी आमच्याकडे ठरली होती. सहलीला भरायला पैसे नव्हते म्हणून ती गेली नाही. वर्गात म्हणाली, मला कशाला सहल, ते रान माझ्या आजोबांच्या दोस्ताचं आहे, आम्ही दरवर्षी तिथंच हुरडा खातो. पोरी हसल्या, थापा मारते म्हणाल्या. म्हणून बाळू तिला घेऊन आला होता, झोक्यावर बसल्याचा फोटो काढून द्यायला. वाण्याला द्यायचे पैसे त्याच दिवशी नेमके खिशात होते.

"पैशाचं दुक न्हाय मला," बाळू म्हणाला. "ज्वारी इकंन, भरून काडीन. पर मी त्या खिडकीतल्या पोरीला म्हनलं, मी मास्तरचा दोस्त हाय. तर ती म्हनली, काका, समदीच वळखीची असत्यात. आन ही चेतना माज्याकडं बघत व्हती. मग मी खिशात हात घातला."

मास्तरांना गप्प बसता येत नाही. म्हटलं, बुधवारी आमचं बंद असतं. दर बुधवारी आगटी पेटवतो, गावातल्या कुणालाही तिकीट नाही. मला ते फार छान सुचलं असं वाटलं होतं. बाळूनं कणीस राखेत सरकवलं.

"गरिबांचा वार काडतो व्हय?" तो म्हणाला.

मी खाली बघितलं. सुकन्या तोंडाला पदर लावून हसली, आणि मग मलाही हसू आलं. हसताना बरं वाटलं, म्हणून धीर करून ते विचारलं, जे पंधरा दिवस छातीवर बसलं होतं. म्हटलं, मग बांधावरून का येत नाहीस? रोज वळसा घालून जातोस. मी हात केला तरी बघून न बघितल्यासारखं केलंस. एवढा राग धरलास?

वहिनी म्हणाली, दाव की आता. बाळूनं सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब ओरखडे होते, अर्धवट सुकलेले.

"त्येंना तार दिसत न्हाय," वहिनी म्हणाली. "दोनदा अडाकलं. मोतीबिंदू हाय, दोनी डोळ्यांत. तुमी हात केल्याला तर मला ठाव न्हाय, पर त्येंना रस्त्यावरनं मानूस हाय का झाड ते कळत न्हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो मघापासून कणसं बोटांनी चाचपून काढत होता, आणि कच्चे राहिलेले दाणे चेतना निवडून बाजूला करत होती. कोण हाय म्हणून त्यानं खरोखरच विचारलं होतं.

मला इतकं हलकं वाटलं की त्याची लाज वाटली. मित्राला दिसत नाही हे ऐकतोय आणि छातीवरचा धोंडा खाली उतरतोय! पण उतरला, खोटं नाही सांगत. तो माझ्याकडे पाठ फिरवून गेला नव्हता. माझा हात त्याला दिसला नव्हता, एवढंच. आणि त्याच्या मागोमाग दुसरं मनात आलं, ते मात्र हलकं नव्हतं. दिवाळीआधी माझ्याही दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, सोलापुरात, मोठ्या डॉक्टरकडे, परदेशी भिंग घालून. बाळू मला बघायला आला होता तेव्हा मी त्याला डॉक्टरचं नाव, भिंगाची किंमत, आता मला रस्त्यापलीकडची पाटी कशी वाचता येते, सगळं फुशारकीनं ऐकवलं होतं. त्यानं वा वा म्हटलं होतं. तुला कसं दिसतं, हे मी विचारलं नव्हतं. त्याचं नाव, वहिनीनं मग सांगितलं, तालुक्याच्या डोळ्यांच्या फुकट शिबिराच्या यादीत होतं आणि यादी दोनदा पुढे गेली होती.

एवढ्यात शिवराज बांधावर आला. तारेपलीकडून म्हणाला, आप्पा, लोक फोटोसाठी थांबलेत. बाळूनं आवाजाच्या दिशेनं हात केला आणि ये म्हणाला. शिवराज माझ्याकडे बघत राहिला, मग बाळूच्या उघड्या हाताकडे बघत राहिला. त्याचा रंग उतरला. ते ओरखडे कशाचे हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बूट काढले, खाली वाकला आणि मी आलो तिथूनच सरपटत आत आला. वहिनीनं त्याच्यापुढे दाणे ओतले. त्यानं ते खाल्ले आणि म्हणाला, काकू, यंदा मी पहिल्यांदाच हुरडा खातोय. खरंच होतं ते, एवढ्या लोकांना खाऊ घालताना त्याला स्वतःला बसायला सवड झाली नव्हती. बांधावरची तार संध्याकाळच्या आत काढतो म्हणाला. बाळू म्हणाला, समदी काढू नगंस, जनावरं येत्यात, दोन हात मोकळी ठेव.

मी डॉक्टरचा विषय काढणार होतो. पैसे मी भरतो, काळजी करू नकोस, असं सगळं वाक्य जिभेवर तयार होतं. ते पांढरं पाकीट आठवलं आणि जीभ चावली. बाळू आगटीत काटकीनं उकरत होता. उकरता उकरताच तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, तुज्या त्या डॉक्टरकडं मला घिऊन चल. पैसं मी ज्वारी निगाल्यावर दीन, तसं तूच सांग त्याला. तितल्या लोकांम्होरं मला बोलाया येत न्हाय."

मी लगेच हो म्हणालो. गुरुवारी जाऊ म्हटलं. तो म्हणाला, गुरुवारी उसाला पाणी आहे, शुक्रवारी जाऊ. शिवराज म्हणाला, मी गाडी काढतो. मला धास्ती वाटली, की आता हा एसटी बरी म्हणेल.

"गाडीनंच जाऊ," बाळू म्हणाला. "एस्टीची पायरी दिसत न्हाय मला."

जन्मभर त्यानं मला दिलं होतं. मागितलं ते आज पहिल्यांदा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. वहिनी म्हणाली, धूर लई झालाय, हिकडं सरका, भावजी.

"धूर नाही वहिनी," मी म्हणालो, आणि बाळूच्या पुढची गरम कणसं ओढून चोळायला घेतली.